मागच्या साइटखालची कणी

बाबा,

तुमची रायफल मी यंदा कपाटातून बाहेर काढली. आपल्या अमेरिकन शेजाऱ्यांनी, म्हणजे ज्यांनी ती तुम्हाला विकली आणि दर नोव्हेंबरात तुम्हाला उत्तरेकडच्या त्यांच्या रानात नेलं त्यांनी, या वर्षी मला बोलावलं आहे. "तुझ्या बाबांची जागा रिकामी आहे, तू ये," म्हणाले, आणि लगेच पुढे, "पण त्याच्यासारखा ढगांना मारू नकोस. ढगांचा सीझन नसतो." मी हसलो. तुमच्यावर हसायची मला सवयच होती. ईडन प्रेरीतल्या दिवाळीच्या जेवणात काका लोक तुम्हाला घेरायचे. "काय शिकारी, यंदा तरी आमच्या फ्रीझरला काही काम मिळणार का?" तुम्ही श्रीखंडाची वाटी हातात धरून म्हणायचात, "हरणाची अपॉइंटमेंट मिळाली नाही." सगळे हसायचे, आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, म्हणजे मी तुमच्या बाजूचा नाही हे त्यांना कळावं. घरी येताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणायचात, "रेंजवर तर बरोबर लागते रे." त्यावर मी इंग्रजीत म्हणायचो की प्लीज, एक स्कोप लावून टाका. तुम्ही म्हणायचात, "नेम धरायला कारखान्यानं बसवलेल्या साइट आहेत. त्यांनी विचार करूनच बसवल्या असतील."

तर मी रेंजवर गेलो. पन्नास यार्डांवर कागद लावला, बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यावर रायफल टेकवली आणि शांतपणे गोळ्या झाडल्या. सगळ्या एकाच जागी, मधल्या ठिपक्याच्या चार बोटं वर. शंभर यार्डांवर तीच चूक दुप्पट होते, म्हणजे गोळी हरणाच्या पाठीवरून निघून जाणार. गोळ्या वर जात असतील तर मागची साइट खाली घ्यायची. तिच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची एक छोटी पट्टी असते, ती सरकवली की साइट वरखाली होते. पण ती आधीच सगळ्यात खालच्या पायरीवर होती. म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट कमी उंचीची असणार, कारखान्याचीच चूक, आणि तुम्हाला ती कधी कळली नाही. हे मी तिथे बाकावर बसल्या बसल्या ठरवलं. घरी येऊन कॅलिपरनं मापं घेतली, गणित केलं, गणित दोनदा तपासलं. जास्त उंचीची पुढची साइट मागवली, जुनी पितळी सळईनं ठोकून काढली, नवी बसवली. मागच्या साइटची पातळ पोलादी पट्टी आणि तिच्याखालची पायरी यांच्यामध्ये बारीकशी फट दिसत होती. ती मी पाहिली होती, बाबा. पण माझं उत्तर आधीच तयार होतं.

डिशवॉशर बिघडला होता तेव्हाची गोष्ट आठवते. मी नुकतंच कॉलेज अर्धवट सोडलं होतं आणि कशात तरी हुशार आहे हे दाखवायची मला घाई झाली होती. पंप गेलाय म्हणून मी अख्खं मशीन स्वयंपाकघराच्या फरशीवर उलगडून ठेवलं, प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत. आई ओट्यापाशी एका पायावर उभी. तुम्ही ऑफिसातून आलात, कोट न काढता सिंकखाली वाकलात आणि दुमडलेली पाण्याची नळी सरळ केलीत. रागावला नाहीत. म्हणालात, "तू बघतोस नीट. पण दोष आधी ठरवतोस, मग बघतोस." मला वाटलं तुम्ही कॉलेजबद्दल बोलताय. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोललो नाही.

नवी साइट बसवल्यावर मी रायफल साफ करायला जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. मागच्या साइटची पट्टी नखानं उचलली, खाली ब्रश फिरवला, आणि टॉवेलवर काहीतरी लालसर पडलं. मला गंज वाटला. चिमटीत धरून बघितलं तर तांदळाची कणी होती, कुंकवानं लाल झालेली, दगडासारखी टणक.

खंडेनवमी डोळ्यांसमोर उभी राहिली. ओट्यावर आईचा मिक्सर, तुमचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि शेवटी रायफल. लिव्हर उघडून ती रिकामी असल्याची तुम्ही आधी खात्री करून घेता, मग मला बघायला लावता. ओल्या कुंकवाचं बोट तुम्ही लाकडी दस्त्याला लावत नाही, नळीला लावत नाही, मागच्या साइटला लावता आणि अक्षता तिथेच दाबता. "तिचा डोळा आहे हा," म्हणता. मग मऊ फडक्यानं पुसून ठेवता. पुसताना एखादा दाणा पट्टीखाली सरकून साइट वर उचलत असेल हे कोणाच्या लक्षात येणार? शिकारीचा मोसम संपला की तुम्ही तेल-ब्रश घेऊन बसायचात, उन्हाळ्यात रेंजवर जायचात, आणि तिथे ती बरोबर लागायची. मग दसरा यायचा, आणि त्यापाठोपाठ नोव्हेंबर. दर वर्षी कणी अडकली असेलच असं मी म्हणू शकत नाही. पण ही शेवटच्या दसऱ्याची आहे. त्या वर्षी ब्रश फिरवायला तुम्ही राहिला नाहीत.

मी पुन्हा रेंजवर गेलो. माझ्या नव्या साइटनं गोळ्या खाली जाऊ लागल्या. तिथेच ती ठोकून काढली, तुमची परत बसवली. गोळ्या ठिपक्याच्या मधोमध.

आपले शेजारी बाजूच्याच बाकावर आले होते. त्यांनी कागद पाहिला, शीळ घातली. "म्हणजे बंदुकीतच काहीतरी होतं? काय सापडलं?" तुमचा नेम बरोबर होता हे सांगायची एवढी एकच जागा मला मिळाली होती. मी म्हणालो, "फॅक्टरीची साइट कमी उंचीची होती. बदलली." ते मान हलवत म्हणाले, "बिचारा. एवढ्या वर्षांत त्याच्या लक्षात यायला हवं होतं." काढून टाकलेली नवी साइट माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "हो ना."

आज खंडेनवमी आहे. आईनं ताट तयार केलं, मी कुंकू साइटला लावलं आणि अक्षता खाली दस्त्यावर ठेवल्या. तिनं कारण विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ती कणी तळहातावर घेतली. मग म्हणाली, "शेजाऱ्यांना सांगितलंस ना रे हे?" मी म्हणालो, अक्षता म्हणजे काय, बंदुकीची पूजा म्हणजे काय, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.

सुचलं होतं, बाबा.