डावीकडची वाट

बाबा, तुमच्या शिखराचा नकाशा सध्या आपल्या जेवायच्या टेबलावर पसरलाय. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे टीम घेऊन जातेय. मेडिकलच्या वेळी डॉक्टरांना वय सांगताना लक्षात आलं, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्यापेक्षा मी आता मोठी आहे.

तुमचा शेवटचा राग आठवतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तुम्ही दोर बोटांखालून सरकवत तपासत होतात, आणि मी पोह्यांची प्लेट घेऊन त्यावरून चालत गेले. "दोरावर पाय नाही द्यायचा! बारीक खडा आत शिरला तर वर गेल्यावर कळतं!" मी रडले. आई म्हणाली, "जाने दो ना, लहान आहे." मग तुम्ही निघालात. उतरताना हिमकडा कोसळला. सोबतचे परत आले, तुम्ही हिमनदीत राहिलात. कित्येक वर्षं आईने दाराला आतून कडी लावली नाही.

परवा टीमची बैठक आपल्याच घरी होती. सामान सांभाळणारा आमचा साथीदार नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "दीदी, डावीकडून रास्ता छोटा पडेल. सीधा ग्लेशियर चढायचा, बस. आणि बर्फ इतका वितळलाय तिथे, कुणाचा तरी जुना बूट वर आला म्हणे." त्याला तुमचं काही माहीत नव्हतं. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

सगळे गेल्यावर कप विसळता विसळता ती म्हणाली, "मी मना नाही करत तुला. पण ते दिसले, तर फोनवर नको सांगू. घरी येऊन सांग."

"आई, इतक्या वर्षांनी..."

"बर्फात माणूस म्हातारा होत नाही म्हणतात." तिने नळ बंद केला. "मी झाले बघ."

तेव्हापासून डोळे मिटले की तुम्ही दिसता. तरुण, दाढी वाढलेले, काचेसारख्या बर्फाखाली. आणि वरून आमचे बूट चाललेत.

काल मी उजवीकडची धार ठरवली. लांबची आहे, चढही अवघड. टीमला सांगितलं, डावीकडे हिमकडे कोसळतात, धोका नको. ते खरंच आहे, सगळ्यांना पटलं. पण धोका नसता तरी मी तिकडून गेले नसते, बाबा. हा कागद आईच्या हाती लागू नये म्हणून सॅकच्या तळाशी ठेवतेय. ती समजतेय, आम्ही डावीकडूनच जाणार. मी तिला तसं समजू दिलंय.