इंटरप्ट बंद, मी निश्चिंत

३ मार्च, सकाळी ९.१०
शुक्रवारी ग्राहक आमचं नेटवर्क कार्ड बघायला येणार. माझा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, चालला की मी टीम लीड. साहेब तसं म्हणाले. निदान मान तशी हलवली. भानगड एवढीच, की डेटाचं पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला ढोसतं, ‘हातातलं सोड, माझं बघ.’ हाच तो इंटरप्ट. नको त्या क्षणी ढोसलं की मशीन गोठतं. टेस्टरबाई म्हणाल्या, क्षणभर इंटरप्ट बंद करा, पण कोडमधून बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर परत चालू करा. मला शिकवू नका, असं ठणकावून सांगितलं. मनात.

४ मार्च
मशीन अकरा वेळा गोठलं. कारण: बायकोचे चार फोन. दुपारी कोडमध्ये कार्डाचे इंटरप्ट क्षणभर बंद करायची सोय केली. तेच तत्त्व फोनलाही लावलं. संकल्प: शुक्रवारपर्यंत एकाग्रता.

५ मार्च, सायंकाळी ५
चोवीस तास एकदाही गोठलं नाही! मशीनच्या नोंदींचा लॉग कोरा करकरीत, चुकीची एक ओळ नाही. टेस्टरबाईंनी विचारलं, पॅकेटं येतायत ना? माझ्यावर जळतात. लीडला शोभेल अशी सही गिरवली. आठवी उत्तम जमली.

६ मार्च, संध्याकाळ
दारात सासूबाई, बॅगेवर बसलेल्या. बायको कामावर. त्यांना तीन वाजता स्टेशनवरून आणा, असा तिचा दुपारचा मेसेज म्हणे माझ्या बंद फोनवर आहे. मी त्यांना इंटरप्टचं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, “जावईबापू, बंद केलेलं परत चालू कोण करतं?”
वय झालं. तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

७ मार्च
ग्राहकाने पॅकेट पाठवलं. मग दुसरं. मग शंभर. कार्ड ढिम्म. मशीन गोठलं नाही, हे मी दोनदा निदर्शनास आणलं.
टेस्टरबाईंनी कोड उघडला. खराब पॅकेट आलं की माझं फंक्शन मधूनच बाहेर पडतं, आणि त्या वाटेवर इंटरप्ट चालू करायचे राहिलेत. मंगळवारी असं एक पॅकेट आलं होतं. तेव्हापासून सगळं बंद. त्यांनी एक ओळ घातली. पॅकेटं धो धो आली, ग्राहक खूश झाला. लीड त्या झाल्या.
जिन्यात फोन चालू केला. ऑफिसातून साहेबांचे काल रात्रीपासून नऊ कॉल, शेवटी मेसेज: ‘कार्ड मेलंय. अजून वेळ आहे. फोन कर.’
घरी सासूबाईंनी चहा पुढे केला. मी म्हणालो, “परत चालू मीच करायचं असतं.”