एकाच चुलीवरची दोन मतं

माय,

आज दुपारी अंगणातला हातपंप पुन्हा वाजला. अंगणात कोणी नव्हतं. सून आत तांदूळ निवडत होती, तिला काही ऐकू आलं नाही. तुला तो आवाज माहीत आहे, दांडा खाली जाताना कण्हल्यासारखा आणि वर येताना सुस्कारा सोडल्यासारखा. त्याचं पाणी आटून कितीतरी वर्षं झाली, दांडा गंजून एका जागी अडकला आहे, तरी तो वाजतो. एकदा सुनेला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "बाबा, कान दाखवून या, गोंदियाले चांगला डॉक्टर हाये." तिला काय सांगणार? आणि परवापासून तर तो थांबायचं नाव घेत नाही. परवा गावानं तुझ्या नातवाला, माझ्या पोराला, सरपंचपदावरून उतरवलं.

तू त्याला पाहिलं नाहीस. पण त्याची जिवणी त्याच्या आजोबांसारखी, आपल्या बाबूजींसारखी आहे, आणि नाही म्हणायच्या आधी हसायची सवयही त्यांचीच. तुला हे सगळं आधी सांगायचं होतं, पण लिहायला बसलो की माझं मन सरळ चालत नाही, ते तुझ्या चुलीपाशी जाऊन बसतं. मोहफुलांच्या दिवसांत तुझ्या हाताला तो गोड, जड वास असायचा, आणि त्याच हातांनी तू तांदळाची भाकर थापायचीस. मी शाळेतल्या कविता म्हणायचो आणि तू भाकरीवर ताल धरायचीस. अक्षर एक येत नव्हतं तुला, पण माझी कडवी चुकली की तुझा हात थांबायचा. एकदा मी नदीवरची एक लांबलचक कविता म्हटली. चांदणं होतं त्यात, बगळे होते, वाळवंट होतं. मी संपवली आणि शाबासकीची वाट पाहत राहिलो. तू भाकर उलटली आणि म्हणालीस, "येवढी मोठी नदी, अन् पानी भराले कोनीच नाई आली का रे?" पुढं मी आयुष्यभर मास्तरकी केली, पोरांना कितीक कविता शिकवल्या. प्रत्येक कवितेत मी आधी पाणी भरणारी बाई शोधतो. क्वचितच सापडते.

तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता, आणि गावात सरकार म्हणजे सरपंच बाबूजी. पंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर त्यांनीच तुझं नाव घातलं, समोर कोणी उभं राहिलं नाही. "एकाच चुलीवरची दोन मतं," असं ते पान लावता लावता पाहुण्यांना सांगायचे. तू सभेत भिंतीला टेकून बसायचीस. बाबूजींचा हात वर गेला की तुझा जायचा, पदर सावरावा इतक्या सहज. मग हातपंप आला. तो गावाबाहेरच्या वस्तीसाठी, टोलीसाठी मंजूर होता, जिथल्या बायका उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत झरा खोदून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. मशीन मात्र आपल्या अंगणात उभी राहिली. टोलीत खाली खडक आहे, बाबूजी म्हणाले. तिथं कोणी खोदून पाहिलं नव्हतं. टोलीतल्या बायका मग आपल्याकडे यायला लागल्या, पण बाबूजी दुपारी झोपायचे आणि फाटकाला कडी लागायची. त्या कडीशी त्या उन्हात उभ्या राहायच्या आणि तू आत चुलीपाशी बसून राहायचीस. "आयका जी, हंडे रिकामे चालले बायकायचे," असं तू म्हणायचीस. बाबूजी हसायचे. "उद्या येतीन ना."

ज्या दिवशी बाबूजींवर अविश्वासाचा ठराव यायचा होता त्या सकाळी तू मला विचारलंस, "अविश्वास म्हंजे काय रे?" मी तेव्हा विशीचा, मास्तरकीचं शिक्षण घेता घेता सुट्टीवर आलेला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, राजा, प्रजा, सत्ता, असं बरंच काही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजे मानूस वाईट हाये असं नाई. चाबी दुसऱ्याच्या हाती द्या, इतकंच ना?" मी हो म्हणालो. कुणाच्या चाबीबद्दल बोलतेस हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण माझ्याही हिशेबात तुझं मत बाबूजींच्या मताला चिकटलेलंच होतं.

पंचायतीच्या पडवीत लोक बसले आहेत, मी त्यांच्यात आहे. आत तालुक्याहून आलेला साहेब विचारतो, ठरावाच्या बाजूनं कोण? हात वर होतात. एक हात कमी पडतो आहे हे सगळ्यांना दिसतं, बाबूजी तर उठायच्या बेतात आहेत. आणि भिंतीकडून बांगड्या वाजतात. तुझा हात वर जातो. अर्धवट नाही, कोपरात वाकवून नाही, खळ्यात धान्य उफणताना जातो तसा पूर्ण वर. त्या हाताला पीठ लागलेलं आहे. साहेब तुझ्याकडे पाहतो, मग बाबूजींकडे. "बाई, समजून हात वर केला ना?" तू म्हणतेस, "समजूनच आली साहेब." तो हात मला अजून दिसतो, माय. देवळात आरतीला दिसतो, वर्गात पोरांनी उत्तरासाठी हात वर केले की त्यांच्यात एक पिठाचा दिसायचा, आणि मी खडू हातात धरून थांबून जायचो.

कोणी दगड उचलला नाही, कोणी शिवी दिली नाही. बाबूजींनी कंबरेची पंचायतीची चाबी काढून टेबलावर ठेवली, खुर्चीवरचं सरकलेलं फडकं नीट केलं आणि चालत घरी आले. गाव कुंपणापाशी जमलं, आता हा तिला काढतो की मारतो हे पाहायला. तू पाट मांडलास, ताट वाढलंस. ते दारातच उभे. "खुर्चीवून उठवलं जी," तू म्हणालीस, "पाटावून नाई. जेवा." त्यांनी जोडे काढले. ते बसले. खाली मान घालून जेवले, आणि शेवटी ताकाला मीठ मागितलं. कुंपणापासून लोक एकेक करून निघून गेले, थोडे हिरमुसलेच. पुढं नव्या सरपंचानं टोलीत पंप खोदला. खडक लागला नाही.

आता तुझ्या नातवाचं सांगतो. त्याला अख्ख्या गावानं निवडून दिलं होतं, गुलालानं आपलं अंगण लाल झालं होतं. तो चोर नाही, माय. पण त्यानं ग्रामसभा घेणं सोडलं. शिपाई घरोघरी जाऊन सह्या आणायचा आणि सभा झाली असं व्हायचं. पाण्याची टाकी उभी राहिली, घरोघरी नळ आले, पाणी आलं नाही. लोक विचारायला आले की हा फोन कानाला लावून बाहेर निघायचा. मी एकदा म्हटलं, "सभा कागदावरच काऊन घेतोस रे? बोलू दे की लोकायले." तर हसून म्हणाला, "बाबा, सभेत येऊन भांडतेतच ना फक्त. काम करू का आयकत बसू?" सदस्यांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला. सरपंच गावानं निवडलेला, म्हणून शेवटचा कौल गावाचा. खास ग्रामसभा, गुप्त मतदान.

परवा निघताना तो माझ्या पाया पडला. "तुमचं मत तं धरलंच हाये," म्हणाला. हे मी या घरात आधी ऐकलं होतं, बाबूजींच्या तोंडून.

शाळेच्या आवारात रांग लागली होती. मोहाच्या झाडाखाली पोलीस डुलक्या घेत होता, त्याला काही काम नव्हतं. टोलीतली एक म्हातारी माझ्या मागे उभी, तिचा नातू माझ्या हाताखाली शिकलेला. मोठ्यानं म्हणाली, "का जी गुरुजी, आज पोराले पास करता का नापास?" कोणी तरी म्हणालं, "नापास केलं तं घरी भात भेटन का त्यायले?" रांग हसली. मीही हसलो. ती म्हातारी मात्र लगेच हसणं आवरून हळूच म्हणाली, "तुमच्या मायच्या हातानं आमाले पानी भेटलं होतं जी." बस, इतकंच. पुढं सरकलो. पडद्याआड शिक्का हातात घेतला तेव्हा बांगड्या वाजल्या. मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

मी कुठं शिक्का मारला ते तुला सांगायची गरज नाही.

निकाल मोठ्या फरकानं लागला, माझं मत इकडचं तिकडं झालं असतं तरी काही बदललं नसतं. त्यानं चाब्या दिल्या, कोणाशी भांडला नाही. घरी येऊन ओसरीवर बसला. "अख्खं गाव फिरलं बाबा," म्हणाला, "तुमी एकटेच राहिले माह्याकडून." मी उठलो, आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरातून ताट वाढून आणलं, भात सांडत सांडत. सून पाहतच राहिली. त्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आजीनं खरंच हात वर केला होता का जी?"

"हो."

"मंग आबाजी काय म्हनाले?"

"ताकाले मीठ मागितलं."

तो भात कालवत राहिला. घास घेतला नाही. मग ताट थोडं माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुमीबी बसा. सकाळपासून तुमी जेवले नाई." आणि आम्ही एका ताटात जेवलो. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्याला कळलं असावं. जेवताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्या गावाला पोस्ट नाही, आणि या घरात ते ज्याच्या हाती पडायला हवं त्याच्या हाती मी देणार नाही. एवढंच कबूल करतो, की काल सगळे शेतावर गेल्यावर मी हातपंपाजवळ उभा राहिलो आणि तुझ्यासारखा हात वर करून पाहिला. पाहणारं कोणी नव्हतं. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. सांधे धरलेत, असं मी स्वतःला म्हटलं. पण त्याच हातानं मी रोज सकाळी वरच्या फळीवरून चहाचा डबा काढतो, माय.