डोहाळजेवण म्हणजे राजीनामा नव्हे

दिनांक : १२ फेब्रुवारी १९९१

प्रति,
मा. कारखाने निरीक्षक,
ठाणे.

विषय : डोहाळजेवणास निरोप समारंभ ठरवून प्रसूती रजेवरील स्त्रीस कामावर परत न घेतल्याबाबत.
संदर्भ : प्रसूतिविषयक लाभ अधिनियम, १९६१.

महोदय,

१. अर्जदार सौ. मंजुळा नाथा म्हात्रे, बी.एस्सी., ही मानपाडा येथील मे. कदंबिनी रंग उद्योग या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगाचे नमुने तपासते. 'तपासत होती' असे लिहावे, असे कारखान्याचे म्हणणे आहे. ते अर्जदारास मान्य नाही.

२. रजेवर जाण्यापूर्वी पॅकिंगच्या बायकांनी हौसेने कँटीनमध्ये तिचे डोहाळजेवण केले. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सगळे रीतसर. पर्सनल ऑफिसर श्री. सुधीर टिपणीस यांना कोणी बोलावले नव्हते. ते वासावर आले, बासुंदी पुन्हा मागून घेतली आणि फोटोत मधोमध उभे राहिले.

३. रजा संपवून अर्जदार हजर झाली, तेव्हा वॉचमन धोंडीबाने मान खाली घालून सांगितले, "ताई, तुमचं कार्ड काढून घेतलंय. मला नका काही विचारू." आत श्री. टिपणीस यांनी तोच फोटो टेबलावर ठेवला. "सेंड-ऑफ झाला की तुमचा, सगळ्यांसमोर! साडी घेतलीत, हार घातलात, वर म्हणालात, मला विसरू नका गं. याला तोंडी राजीनामा म्हणतात, मॅडम."

४. श्री. टिपणीस हे स्वतः दोन मुलांचे वडील आहेत. त्यांच्या पत्नीची ओटी भरली तेव्हा त्या कुठली नोकरी सोडत होत्या, याची अर्जदारास माहिती नाही. अर्जदाराच्या स्टुलावर आता हेमा नावाची मुलगी बसते. तीन वर्षे लग्न करणार नाही, असे तिच्याकडून लिहून घेतले आहे. यात त्या मुलीचा दोष नाही. पण उद्या तिने बोहल्यावर हार घातला, की तोही राजीनामाच.

५. काढल्याचे पत्र मागितले, तर उत्तर मिळते, "काढलंय कुणी? मग पत्र कसलं?" मग कामावर घ्या म्हटले, तर "गेलेल्या माणसाला कसं घ्यायचं?" रजेच्या अर्जावर कारखान्याचाच शिक्का आहे, तो दाखवला, तेव्हा साहेबांना चहा आठवला. अर्जदाराचे पती रेतीच्या बोटीवर आहेत. काम निघेल त्या दिवशी मजुरी. घर अर्जदाराच्या पगारावर उभे आहे. ती घाबरलेली आहे, हे लपवून उपयोग नाही. फक्त टिपणीसांसारख्या माणसाला घाबरावे लागते, याची तिला लाज वाटते.

६. तरी अर्जदारास तिच्याच जागेवर घेण्याचा लेखी हुकूम व्हावा. तोवर ती रोज पहिल्या पाळीच्या भोंग्याला आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन गेटवर हजर राहील. मूल पाजण्यासाठी कायद्याने दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या आहेत. त्या ती घेणारच. आत बसून की भर रस्त्यात, कारखान्याच्या पाटीखाली, एवढेच ठरायचे राहिले आहे.

आपल्या हुकमाच्या वाटेकडे डोळे लावून,

(सही)
सौ. मंजुळा नाथा म्हात्रे
मोठागाव, डोंबिवली (पश्चिम)

सोबत : रजेच्या अर्जाची पोच, प्रसूतीचा दाखला.