पाकचोयचं बी

शिरड शहापूर
३ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योतीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आई तुझ्याकडं आठ दिवस राहून आली तशी गल्लीभर एकच गोष्ट सांगून राहिली. ज्योतीच्या अंगणात पाकचोय नावाची चिनी भाजी आहे म्हणे. पांढरे जाड देठ, चमच्यावाणी पानं, लसणाची फोडणी दिली की एक भाकर जास्त जाते. बारा वर्षं ती माझ्याजवळ आहे. माझ्या अंबाडीला, चुक्याला तिनं कधी बरं म्हटलं न्हाई. फोनवर बोलावं तर कान लावून बसते, म्हणून लिहिते. जळून राहिले मी, लपवत न्हाई. थोडं बी पाठव.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी ताई, चतुरा

सेनगाव
१० नोव्हेंबर

ती. ताईस,
ज्योतीचा सप्रेम जयभीम.

बी सोबत आहे. वाफा भुसभुशीत कर, बी वरवरच टाक, रोज पाणी शिंपड. पाचव्या दिवशी कोंब दिसतील. घाईत आहे, एवढंच लिहिते.

तुझी, ज्योती

शिरड शहापूर
५ डिसेंबर

चि. ज्योतीस,
सप्रेम जयभीम.

दोनदा पेरलं, एक कोंब न्हाई. काल शेजारच्या जिवनबाईसमोर आई म्हणाली की चतुराच्या हाताला गुणच न्हाई, पिकाचा हात ज्योतीचा. मी चुलीपुढं बसून रडले. माझं काय चुकलं, तेवढं कळव.

चतुरा

सेनगाव
११ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं काहीच चुकलं न्हाई. ते बी मी उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं अन् मग पाठवलं.

लहानपणापासून आईच्या तोंडी चतुराच. चतुराची भाकर गोल, चतुराचं अक्षर वळणदार. पन्नाशीला आले तेव्हा ती भाजी खाऊन पहिल्यांदा म्हणाली की ज्योती, हे चांगलं केलंस. तेवढं एक मला एकटीला पाहिजे होतं. आईला सांगायचं तर सांग.

माफी मागायला तोंड न्हाई.
ज्योती

शिरड शहापूर
१६ डिसेंबर

चि. ज्योतीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं. हे म्हणाले की तिनं आपल्या तोंडानं कबूल केलं, तेवढं तरी बघ. आईला मी सांगितलं न्हाई, सांगणारही न्हाई. तिनं तुला दिलेली शाबासकी मी काढून घेणार न्हाई. पण माझा हात वाईट, हे मी जन्मभर काहून ऐकावं? रविवारी ये, चांगलं बी आण. मागचं बी खराब होतं, एवढं तिच्यापुढं तुझ्या तोंडानं सांग. कशानं खराब झालं, ते आपल्या दोघींतच राहील.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही घेऊन वाट पाहते.
तुझी ताई, चतुरा