मास्तरांची राहती गाडी

गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी जेवढं वाकायची परवानगी दिली आहे तेवढाच वाकलो आहे, उरलेलं मनातून समजून घ्यावं.)

आपला रक्तदाब कसा आहे? आता तो डॉक्टरांचं ऐकतो, की अजून आपलंच ऐकतो? ताईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. चष्म्याच्या नव्या काचा मानवल्या का? मानवल्या नसतील तर हे पत्र ताईंकडून वाचून घ्यावं, मात्र घरातल्या तिसऱ्या व्यक्तीसमोर मोठ्यानं वाचू नये. तिसरी व्यक्ती म्हणजे आमची ही. गेल्या शनिवारपासून ती आपल्याकडे हवापालटासाठी आली आहे. हवापालट हा शब्द माझा. घरातून निघताना तिनं वापरलेले शब्द वेगळे होते. रविवारी आपली बसची सहल निघते आहे आणि हिच्यासाठी आपण तिसरी सीट धरून ठेवली आहे, असं ताईंनी मला फोनवर सांगितलं. (सांगताना त्या खोकल्या, पण तो खोकला मला खरा वाटला नाही.) म्हणजे रविवारी सकाळी ही एकतर आपल्या बसमध्ये बसणार, नाहीतर माझ्या गाडीत. माझं एवढंच काय ते पणाला लागलं आहे, बाकी इकडे सर्व ठीक.

आपण आतापर्यंत एकच बाजू ऐकली असेल. तिची बाजू थोडक्यात असते, म्हणून ती लगेच पटते. माझी लांब आहे, तेव्हा कृपया बसून वाचावी.

चौतीस वर्षं मी शिलाईचं दुकान चालवलं हे आपण जाणताच, कारण आपल्या प्रत्येक पँटची कंबर वाढवून देण्याचा मान मलाच मिळालेला आहे. मी मशीनवर आणि ही समोरच्या स्टुलावर, मांडीवर कापड घेऊन काजं-बटणं आणि हातशिलाई करत. दुकानाला दार होतं, खिडकी नव्हती. दरवर्षी मी तिला म्हणायचो, एवढे शाळांचे गणवेश हातावेगळे झाले की महिनाभर फिरायला जाऊ. गणवेश संपायचे आणि बँकेतल्या शिपायांचे कोट यायचे, कोट संपेपर्यंत मुलं वाढलेली असायची आणि पुन्हा गणवेश. शेवटी माझ्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवायला साफ नकार दिला आणि मी दुकान बंद केलं. शटर ओढून किल्ली खिशात टाकतो न टाकतो तोच ती म्हणाली, "आता?" एवढंच. तिला लोकांच्या घरी झोप येत नाही, हॉटेलच्या चादरींवर तिचा विश्वास नाही, म्हणून मी लाँड्रीवाल्याची जुनी छोटी व्हॅन घेतली आणि तिच्यात राहायची सोय करायचं ठरवलं. (बसनं जा, असं आपण तेव्हा फोनवर मला तीनदा म्हणाला होता. आपलं ऐकलं नाही याचं मला वाईट वाटावं म्हणूनच आपण बस धरली असेल, असं मी मुळीच म्हणत नाही.) हिनं अट एकच घातली. झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसेल अशी एक मोकळी खिडकी हवी. बाकी काय करायचं ते मी करावं.

बाकीचं मी केलं. गाडीचं माप मी स्वतः घेतलं, टेपनं, आणि दुकानाच्या जुन्या मापाच्या वहीत लिहिलं. छाती, कंबर, खांदा, उंची. (मागची दोन दारं जिथं मिळतात त्या जागेला काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून 'काखेत' लिहिलं.) मग बिछान्याचं माप सुताराला दिलं. आता मी चौतीस वर्षांत कुणालाही अंगाबरोबर माप दिलेलं नाही. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला दीड इंच माया सोडायची, ही सवय माझ्या बोटांत आहे, डोक्याला विचारून ती काही करत नाहीत. सुतार हा कमी बोलणारा माणूस. त्यानं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि दिलेल्या मापाबरहुकूम बिछाना करून आणला. तो दारातून आत गेला, पण दार लागेना. मी म्हणालो, चेपून बसवा. बसेना. मी म्हणालो, कडेनं जरा उसवून घ्या. तेव्हा तो चार दिवसांत पहिल्यांदा बोलला, "लाकूड आहे मास्तर, उसवत नाही." मग त्यानं करवत काढली आणि मी कुठून कापायचं ते खडूनं आखून दिलं. तिथंही माझी सवय आडवी आली. कापताना खडूच्या रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून, यावर त्याचं नि माझं एकमत नव्हतं, आणि ते नव्हतं हे आम्हा दोघांनाही कापून झाल्यावर कळलं. आता बिछान्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जी फट राहिली आहे तिच्यात मी स्पंज भरून वर कापड शिवलं आहे. पाहुण्यांना मी तिला सामान ठेवायची सोय म्हणून दाखवतो.

पाण्याची व्यवस्था नळवाल्यानं केली. वर फळीवर पाण्याचा कॅन, खाली बेसिन, मध्ये नळ. नळ सोडला की पाणी येत नाही, ब्रेक दाबला की येतं. त्याला बोलावलं तर तो म्हणाला, गाडी चालू नसताना ब्रेक दाबून बघा. दाबला, तर थोडं आलं. त्यावर तो समाधानानं निघून गेला. आता भांडं घासताना आमच्यापैकी एकानं पुढं बसावं लागतं, पण तसंही प्रवासात माणसानं एकमेकांना मदत करावी. पडद्यांना मात्र कुणालाही नावं ठेवायला जागा नाही. अस्तर लावलेले, कडेला पायपिंग, खाली वजनासाठी पट्टी. तीन खिडक्यांना अकरा पडदे झाले. (हात मोकळे होते.) गाडीच्या बाजूला 'कपडे चोवीस तासांत परत' अशी लाँड्रीवाल्याची मोठी अक्षरं अजून आहेत. रंगारी उद्या येतो म्हणून गेला, तो उद्यातच राहतो. गाडीची पहिली चाचणी घ्यायला मी बाजारापर्यंत गेलो, तर सिग्नलला एका गृहस्थांनी खिडकीतून दोन शर्ट आत टाकले आणि कॉलरला स्टार्च कमी, असं सांगून ते निघून गेले. ते शर्ट मी घरी धुऊन, इस्त्री करून चोवीस तासांत त्याच सिग्नलला नेऊन दिले. एकाचं बटण सैल होतं, तेही हिच्याकडून दोरा ओवून घेऊन लावलं. हिनं हे सगळं पाहिलं आणि सुई-दोऱ्याचा डबा उचलून आत ठेवून दिला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. शनिवारी दुपारी परीक्षा ठरली होती. गाडी दारासमोर उभी करायची, हिनं जेवून तिच्यात आडवं व्हायचं, डोळा लागला तर एक तारखेला निघायचं. मी पडदे सारखे केले, उशी मऊ केली आणि तिला हात देऊन आत चढवलं. ती झोपली. खिडकीकडे तोंड केलं. खिडकीखाली मी एक छोटं मेज करून घेतलं होतं, त्यावर पडद्याच्याच कापडाचं झालरवालं आच्छादन. मेज जरा उंच होतं, त्यामुळे खिडकी अर्धीच दिसत होती, पण आच्छादन सुरेख होतं. तिनं झोपल्या झोपल्या सहज त्यावर हात ठेवला. आणि साडूभाऊ, तिला कापड उचलून बघायचीही गरज पडली नाही. चौतीस वर्षं ज्याच्यासमोर बसली ते मशीन तिला नुसत्या उंचीवरून कळलं. मी ते चार बोल्ट लावून पक्कं केलं होतं. ती उठून बसली आणि शांतपणे म्हणाली, "हे कशाला?" मी म्हणालो, "रस्त्यात कुणाचं काही उसवलं तर?"

या उत्तरात काय चुकलं हे मला त्या दिवशी कळलं नाही. ती खाली उतरली, घरात गेली, बॅग भरली आणि रिक्षा बोलावली. जाताना तिनं सांगितलं की, त्या मशीनकडे पाठ करून बसायला मिळावं म्हणून तिनं चौतीस वर्षं वाट पाहिली आहे, आणि आता ते उशाशी घेऊन झोपणं तिला जमणार नाही. हवापालट म्हणतात तो हाच.

त्यानंतर दोन दिवस मी अंगणात गाडीत बसून विचार केला. (बसायला जागा चांगली आहे, हे सुतारासाठी नमूद करतो.) साडूभाऊ, आपण वयानं मोठे आहात म्हणून लिहितो, एरवी लिहिलं नसतं. रस्त्यात कुणाचं काही उसवेल म्हणून मी मशीन घेतलं नव्हतं. मला भीती वाटली. महिनाभर, सकाळ-संध्याकाळ, एवढ्याशा गाडीत आम्ही दोघंच, आणि हातात काही नाही. आम्ही समोरासमोर खूप बसलो, पण मध्ये कायम कुणाचं तरी कापड असायचं. 'हे गिऱ्हाईक उद्या येणार', 'ह्या कोटाला कोणतं बटण', 'दोरा संपला', हेच आमचं बोलणं. दोरा संपला नाही तर मी तिच्याशी काय बोलू? तिला काय आवडतं ते विचारायला आता लाज वाटते, चौतीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. गावातल्या निम्म्या लोकांच्या छातीची नि कमरेची मापं मला तोंडपाठ आहेत आणि माझ्या बायकोला खिडकीतून नक्की काय बघायचं आहे, हे मला माहीत नाही. मला याची फार शरम वाटते.

म्हणून मी मशीन काढलं आहे. स्वतःच्या हातानं चारही बोल्ट सोडवले आणि काढलं. खिडकी आता पूर्ण मोकळी आहे, खालपासून वरपर्यंत. जादाचे आठ पडदेही काढले. हे आपण योग्य वेळ पाहून, म्हणजे तिचं पोट भरलेलं असताना आणि ताईंचा खोकला मध्ये न येता, तिच्या कानावर घालावं. आग्रह करू नये. आग्रह केला की ती उलट वागते, हे आपल्या दोघांच्याही बायकांच्या बाबतीत खरं आहे. आपली सहल सुखाची होवो. बसमध्ये खिडकीची जागा ताईंना द्यावी, हा एका अनुभवी माणसाचा सल्ला समजावा.

ताईंना नमस्कार. आपला, आणि आपल्या कमरेचा, नम्र,
धाकटा साडू (मास्तर)

ता. क. या पाकिटावर तिकीट नाही हे आपल्या नजरेतून सुटणार नाही. हे पत्र पोस्टानं येणार नाही. मी मंगळवार दुपारपासून आपल्या इमारतीसमोर, बंद औषधाच्या दुकानापाशी उभा आहे. गाडीत झोप बरी लागते. वर यायचं दोनदा ठरवलं, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आलोही, पण काय बोलायचं ते ठरेना. म्हणून लिहायला बसलो. पत्र राखणदाराजवळ देतो.

ता. क. २. मशीन काढलं असं वर लिहिलं आहे ते अक्षरशः खरं आहे. खिडकीखालून काढलं. सध्या ते बिछान्याखाली आहे. घरी ठेवून येणार होतो, पण ओल धरेल असं वाटलं. तर खरी विनंती ही की, ते महिनाभर आपल्याकडे ठेवून घ्यावं. दमट जागा नको, जिन्याखाली चालेल. आठवड्यातून एकदा दोन थेंब तेल. आपल्या नातवंडांना चाक फिरवू देऊ नये. आणि मी मध्येच फोन करून मागितलं तर द्यावं.

ता. क. ३. भाऊजी, हे अक्षर माझं आहे. तुम्ही आणि ताई दुपारचे झोपलात म्हणून मी खाली आले. गाडी मंगळवारीच गॅलरीतून पाहिली होती, वर कधी येतात ते बघत होते. आता पाहिलं तर हे गाडीत, पत्र छातीवर ठेवून झोपलेले. मी वाचलं. मशीन आम्ही दोघांनी मिळून तुमच्या जिन्याखाली ठेवलं आहे. उचलताना हे दहा वेळा 'सांभाळून' म्हणाले. मशीनला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही. फोन करून मागितलं तर अजिबात देऊ नका. माझी बॅग मी घेतली, सहलीची माझी सीट दुसऱ्या कुणाला तरी द्या, ताईला सांगा रागावू नकोस. आम्ही एक तारखेची वाट न बघता आत्ताच निघतो. आणि भाऊजी, एक फक्त तुम्हाला सांगते, महिनाभर काय बोलायचं याची भीती मलाही आहे, मी तर शनिवारपासून विषय आठवून ठेवतेय, सात झालेत. हे त्यांना कळू देऊ नका. (हे पुढच्या सीटवर बसून इकडे वळून बघताहेत, म्हणून एवढं हातानं झाकून लिहिलं.)