ठिपका उजवीकडे

९ मार्च
सापडला! तीन महिने मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. अणूभर जाडीचा पापुद्रा आणि त्यावर एकच शहाणा ठिपका — एका वेळी प्रकाशाचा एकच कण सोडणारा! नकाशा इथेच काढून ठेवते : फाटका कोपरा वर, ठिपका त्याच्या उजवीकडे. पेन गळतंय मेलं.
आता पापुद्रा रबरी ठशाने अलगद उचलायचा आणि नव्या चिपवर टेकवायचा. वाटेत ठिपका विझला नाही म्हणजे मिळवली.

१२ मार्च
उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. काम भाचीवर सोपवलं. तिला लॅबमध्ये मीच आणलं. मी बाटल्या धुता धुता शिकले, तिला हात धरून शिकवलं.
"आत्या, जीव टांगणीला लावू नकोस. फुलासारखा नेते."

२० मार्च
तिचा फोन. "नेला गं! ठसा सोडेचना त्याला. मग दुसऱ्या ठशावर घेतला, तिथून चिपवर. ठिपका जिवंत आहे!" मला रडूच फुटलं. पुढचं काही ऐकलंच नाही.

२७ मार्च
हा माझा पापुद्रा नाही.
चिप फिरवून फिरवून पाहिली. फाटका कोपरा वर आणला की ठिपका डावीकडे! इतकी वर्षं पापुद्रे उचलतेय, असं कधी झालं नाही. माझा तुटला असणार. हिने दुसराच ठेवून माझ्या तोंडाला पानं पुसली.
"आत्या, तोच आहे. असा का दिसतो, मला नाही माहीत. शपथ!" — डोळ्यांत डोळे घालून! म्हातारीला काय दिसणार, असं वाटलं असेल.
चुकली असती तर पोटाशी धरलं असतं. पण खोटं? माझ्याशी?

२८ मार्च
लॅबच्या सरांना सांगितलं. त्यांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं.  तिने एप्रनची घडी मी शिकवली तश्शीच घातली, टेबलावर ठेवली आणि गेली.


३० मार्च
वही चाळताना नकाशाचं पान उलटलं. मागे शाई पाझरलीय. फाटका कोपरा वर — ठिपका डावीकडे.
दुसऱ्या ठशावर घेतला, म्हणजे पालथाच झाला की! पोरीने फोनवर सांगितलं होतं.